तीस टनांचा डबा उचलूनही स्टॅकर उलार का होत नाही?

हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी परदेशी निघतात तेव्हा त्या बहुधा चाळीस फुटी कंटेनरमध्ये भरल्या जातात. एक गाठ साधारण १७० किलोची. दीडशे गाठी भरल्या तर नुसता कापूस साडेपंचवीस टन, डब्याचं स्वतःचं वजन पावणेचार-चार टन, म्हणजे एकूण तीस टनांच्या आसपास. हा डबा ट्रेलरवरून उतरवायचा, यार्डात ठेवायचा, रेक (म्हणजे मालगाडी) लागला की वाघिणीवर चढवायचा, न्हावा शेव्याला परत उतरवायचा आणि शेवटी जहाजावर चढवायचा. वर्ध्याहून मुंबईपर्यंतच साडेसातशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. जिनिंगमध्ये दाराला सील लागल्यापासून पलीकडच्या देशात ते तुटेपर्यंत, मध्ये तपासणीसाठी उघडला नाही तर, आतल्या गाठींना माणसाचा हात लागत नाही. उचलठेव होते ती अख्ख्या डब्याची, आणि ती करतात यंत्रं. त्यातलं आपल्याकडचं मुख्य यंत्र म्हणजे हा स्टॅकर.

आपल्या भागात ही यंत्रं आता नवलाईची राहिलेली नाहीत. नागपुरात अजनीला आणि मिहानला कंटेनर हाताळले जातात, नागपूर-वर्धा रेल्वेमार्गावर बोरखेडीला यार्ड आहे, आणि सिंदी रेल्वेला ड्राय पोर्ट (समुद्रापासून दूर, जमिनीवरचं बंदर) व मल्टिमोडल लॉजिस्टिक्स पार्क उभारण्याचा प्रकल्प जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि केंद्राच्या महामार्ग लॉजिस्टिक्स कंपनीने हाती घेतलेला आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून नागपूरपासून मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला. सेलू, वर्धा, बुटीबोरीच्या आसपासच्या गावांतली पोरं या यार्डांत ऑपरेटर, हेल्पर, चेकर, गार्ड म्हणून लागतात, शेजारच्या कास्तकाराचा मुलगा ट्रेलर घेऊन आत जातो. ज्या यंत्राच्या पंधरा फुटांवर आपली माणसं रोज वावरतात, ते कसं चालतं हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना नीट कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आधी डबा समजून घेऊ, कारण यंत्राची सगळी रचना त्याच्यावर बेतलेली आहे.

कंटेनरची लांबी २० किंवा ४० फूट, रुंदी ८ फूट, उंची साडेआठ फूट, आणि 'हाय क्यूब' असेल तर साडेनऊ फूट. ही मापं जगभर एकच आहेत. नॉर्थ कॅरोलायनातले ट्रकमालक माल्कम मॅकलीन यांनी २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ डबे चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले, तिथून ही पद्धत सुरू झाली असं मानतात. पण नुसते डबे जहाजावर चढवून भागलं नसतं. ते कुठेही, कोणत्याही यंत्राने, पटकन पकडता आणि सोडता आले पाहिजेत. ती युक्ती, डब्याच्या कोपऱ्यांतच पकड ठेवण्याची, मॅकलीन यांच्याकडचे इंजिनिअर कीथ टँटलिंगर यांनी काढली. पुढे १९६३ साली कंपनीने त्या कोपऱ्यांच्या रचनेचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं केलं आणि त्यामुळेच जगाचं एक माप ठरू शकलं. हा निर्णय मला मूळ शोधाइतकाच मोठा वाटतो.

कंटेनरजवळ उभं राहिलात तर त्याचे कोपरे बघा. आठही कोपऱ्यांना ओतीव पोलादाचा एकेक जाड ठोकळा बसवलेला असतो. त्याला कॉर्नर कास्टिंग म्हणतात. वरच्या ठोकळ्यांवर लांबट भोक असतं, साधारण १२४ मिलिमीटर लांब आणि साडेत्रेसष्ट मिलिमीटर रुंद. उचलणाऱ्या यंत्राच्या चौकटीला, म्हणजे स्प्रेडरला, चार कोपऱ्यांत खाली लोंबणारे चार पोलादी खुंटे असतात, ते ट्विस्टलॉक. खुंट्याचं डोकं भोकासारखंच लांबट असतं. स्प्रेडर डब्यावर टेकला की चारही डोकी भोकांतून आत जातात आणि मग ती ९० अंशांत फिरतात. आता डोकं भोकाला आडवं झालेलं असतं, बाहेर निघू शकत नाही. एवढंच. ना साखळी, ना हुक, ना वर चढून दोर बांधणारा माणूस. ऑपरेटरला समोर दिवे दिसतात: स्प्रेडर चारही कोपऱ्यांत टेकला, लॉक लागलं, लॉक उघडलं. चारही खुंटे बसल्याशिवाय ते फिरतच नाहीत, आणि भार लटकलेला असताना उघडत नाहीत, अशी व्यवस्था यंत्रातच केलेली असते.

आता डब्याच्या पत्र्याकडे बघा. बाजूची नागमोडी भिंत आणि वरचं छत जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचं असतं. आत तळाला २८ मिलिमीटरचा प्लायवूड. मग असले पाच-पाच डबे एकावर एक कसे राहतात? कारण वरच्या डब्याचं वजन छतावर येतच नाही. ते फक्त चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली जातं. कोपऱ्यावर कोपरा बसलाच पाहिजे हा नियम त्यातूनच आला. दोन वीस फुटी डब्यांवर एक चाळीस फुटी ठेवता येतो, कारण त्याचे कोपरे खालच्या दोघांच्या टोकांच्या कोपऱ्यांवर येतात. एका चाळीस फुटीवर दोन वीस फुटी मात्र ठेवायचे नाहीत. त्यांचे मधले कोपरे चाळीस फुटीच्या मध्यावर येतात आणि तिथे खाली खांबच नसतो. नव्या हेल्परला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट कोणती असं मला विचारलं तर मी हीच सांगेन.

आता यंत्र. आपल्याकडच्या यार्डांत जे सगळ्यात जास्त दिसतं त्याचं नाव रीच स्टॅकर. यार्डात नुसतं 'स्टॅकर' म्हणतात. लांबून बघितलं तर प्रचंड मोठ्या ट्रॅक्टरच्या पाठीवरून तिरपा जाड खांब पुढे आलेला असावा असं दिसतं. तो खांब म्हणजे बूम. बूमच्या आत आणखी एक बूम सरकते, त्यामुळे तो लांबतो आणि आखूड होतो. खालून दोन जाड हायड्रॉलिक सिलिंडर त्याला उचलतात. टोकाला स्प्रेडर. तो वीस फुटांचा चाळीस फुटांचा होतो, गोल फिरतो आणि थोडा डाव्या-उजव्या बाजूलाही सरकतो. त्यामुळे ट्रेलर जरा वाकडा लागला तरी ऑपरेटर स्टॅकर न हलवता डबा सरळ पकडू शकतो. पुढे मोठाले चार टायर, त्यांनाच इंजिनाची ताकद मिळते. मागे दोन, आणि वळवायचं काम मागची चाकं करतात. हे मागच्या चाकांचं ध्यानात ठेवा.

असं यंत्र रिकामं असतानाच साधारण ७० टनांचं असतं. लोक विचारतात, एवढं जड कशाला केलं? उत्तर सोपं आहे. ते जड आहे म्हणूनच उचलू शकतं.

बंडीत माल मागच्या अंगाला जास्त भरला तर काय होतं हे इकडे कुणाला सांगायला नको. बंडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांची मान ताणली जाते. तोच माल आसाच्या पुढे सरकवला की बंडी शांत. मालाचं वजन बदललेलं नसतं, आसापासून त्याचं अंतर बदललेलं असतं. स्टॅकरचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. फरक इतकाच की इथे आस म्हणजे पुढच्या चाकांचा अ‍ॅक्सल, भार त्याच्या पुढे लटकतो, आणि उलार झालं तर उचललं जातं ते मागचं अंग.

गोल आकडे धरून हिशेब करू. यंत्राचं वजन ७० टन, आणि ते वजन जिथे एकवटलंय तो बिंदू पुढच्या अ‍ॅक्सलच्या ३ मीटर मागे. सत्तर गुणिले तीन, २१०. यंत्राला खाली दाबून धरणारा जोर २१० टन-मीटर. आता कापसाचा ३० टनांचा डबा बूम आखडून जवळ धरला, त्याचा मध्य अ‍ॅक्सलच्या ३ मीटर पुढे. तीस गुणिले तीन, ९०. दोनशे दहासमोर नव्वद म्हणजे यंत्र भक्कम उभं आहे. आता बूम लांबवून तोच डबा पहिल्या रांगेच्या पलीकडे दुसऱ्या रांगेत ठेवायला गेलात, अंतर ५ मीटर: १५०. अजून चालतं, पण मोकळीक कमी झाली. तिसऱ्या रांगेत, ७ मीटरवर: तीस गुणिले सात, २१०. दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे त्या क्षणी मागची चाकं जमिनीला नुसती चिकटलेली आहेत, त्यांच्यावर भारच उरलेला नाही. एक झोका, एक ब्रेक, जमिनीचा थोडासा उतार, आणि मागचं अंग वर. मागचं अंग पूर्ण उचललं जाण्याच्या आधीच आणखी एक गोष्ट घडते. मागच्या चाकांवरच वळण अवलंबून असतं, ती हलकी झाली की स्टीअरिंग फिरवून यंत्र वळत नाही.

म्हणूनच स्टॅकरची क्षमता एका आकड्यात सांगता येत नाही. 'पंचेचाळीस टनांचा स्टॅकर' म्हणतात ते पहिल्या रांगेपुरतं. त्याच यंत्राची दुसऱ्या रांगेतली क्षमता तीस टनांच्या आसपास उतरते आणि तिसऱ्या रांगेत पंधरा-सोळा टनांवर येते. केबिनमध्ये तक्ता लावलेला असतो, त्यात बूमचा कोन, लांबी आणि चालणारं वजन दिलेलं असतं. आताच्या यंत्रांत संगणक हे सतत मोजत असतो. मर्यादा जवळ आली की भोंगा वाजतो, ओलांडायला गेलात तर बूम पुढे जायचं थांबतं, मागे घेता येतं. ही सोय चांगलीच आहे. पण ती असल्यामुळे तक्ता वाचायची गरज नाही असं समजणारा ऑपरेटर मला कधीच पटला नाही. स्टॅकर उतारावर उभा असेल, टायरात हवा कमी असेल, जमीन एका बाजूने दबली असेल, तर संगणकाला ते सगळं कळेलच असं नाही. त्याचा हिशेब सपाट, घट्ट जमीन धरून केलेला असतो.

चालत असतानाचा नियमही यातूनच निघतो. डबा घेऊन फिरायचं तर बूम पूर्ण आत, डबा पुढचं दिसेल इतपत ठेवून शक्य तेवढा खाली, वेग बैठा, ब्रेक हळू. पाच मजली उंचीवर डबा धरून वळण घेणं म्हणजे वजनाचा मध्य वर नेऊन मग त्याला बाजूला ढकलणं.

बूम उचललेला असताना एखादी नळी फुटली तर डबा कोसळत नाही, हेही सांगायला हवं, कारण पाहणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. सिलिंडरच्या तोंडाशीच एक झडप बसवलेली असते. नळीतला दाब अचानक गेला की ती बंद होते, सिलिंडरमधलं तेल आतच अडकतं, आणि बूम जिथल्या तिथे राहतं. तरीही लटकत्या डब्याखालून कुणीही, अगदी दोन पावलंही, जायचं नाही. झडप माणसानेच बनवलेली आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. जमीन.

वरच्या हिशेबात डबा जवळ धरलेला असतानाही दोनशे दहातून नव्वद वजा जाता १२० टन-मीटर उरतात. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ६ मीटर अंतर धरलं तर मागच्या अ‍ॅक्सलवर फक्त २० टन येतात. यंत्र आणि डबा मिळून वजन शंभर टन. मग उरलेले ८० टन कुठे गेले? पुढच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे चार टायरांवर. एकेका टायरवर २० टन. आपल्याकडच्या रस्त्यांवर चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलला २०१८ पासून साडेअकरा टनांची परवानगी आहे. म्हणजे स्टॅकरचा पुढचा अ‍ॅक्सल रस्त्यावर चालणाऱ्या जड ट्रकच्या अ‍ॅक्सलच्या सातपट दाबतो, आणि तेही रोज त्याच वाटेवरून, त्याच वळणावर.

आणि वर्धा-नागपूरच्या बऱ्याच भागात खाली काय आहे? काळी माती. कपाशीला जी माती सोन्यासारखी, ती यार्डाला वैऱ्यासारखी. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटते. एप्रिल-मेमध्ये वावरात पायाचा पंजा जाईल अशा भेगा पडलेल्या आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत. यार्डाखाली ही माती तशीच ठेवली तर वरचं काँक्रीट पावसाळ्यात उचललं जातं, उन्हाळ्यात खालून पोकळ होतं आणि मग सातपट भाराखाली तडकतं. एकदा फट पडली की पाणी आत शिरतं, माती आणखी फुगते, आणि पुढच्या वर्षी तिथे खड्डा. पाच डब्यांच्या थप्पीचा एक कोपरा अशा जागी दोन इंच खचला तर वरचा डबा किती कलेल याचा विचार करा. रुंदी ८ फूट, पाच डब्यांची उंची चाळीस फुटांच्या वर. खाली दोन इंच म्हणजे वरती दहा-बारा इंच.

म्हणून चांगल्या यार्डाचा खर्चाचा मोठा वाटा जमिनीखाली जातो, जिथे तो कुणाला दिसत नाही. काळी माती शक्य तितकी खोल खणून काढतात. जिथे ती पूर्ण काढणं परवडत नाही तिथे तिच्यावर न फुगणाऱ्या पण एकजीव बसणाऱ्या मातीचा जाड थर देतात. आयआयटी मुंबईतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवरच्या कालव्यांसाठी आणि बांधकामांसाठी ज्या पद्धतीचा पाठपुरावा केला ती हीच. त्यावर मुरूम आणि खडीचे थर, पाणी मारून रोलरने दाबलेले, त्यावर कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट, आणि सगळ्यात वर जाड काँक्रीटची लादी किंवा एकमेकांत अडकणारे सिमेंटचे ब्लॉक. ब्लॉकचा एक फायदा असा की एखादी जागा दबली तर तेवढेच ब्लॉक काढून खालची खडी भरून परत बसवता येतात. आणि चारही बाजूंनी नाल्या. इकडे जून-जुलैच्या झडीत यार्डात पाणी साचलं तर मशीन बंद ठेवण्याइतकी ती गंभीर गोष्ट आहे. नवीन यार्डाची पाहणी करायला कुणी बोलावलं तर मशीन कोणत्या कंपनीचं हे विचारायच्या आधी मी नाल्या बघायला जाईन.

स्टॅकरला जागाही बरीच लागते. चाळीस फुटी डबा समोर आडवा धरून वळायचं तर बारा-पंधरा मीटर रुंद वाट मोकळी सोडावी लागते. म्हणजे यार्डातली मोठी जागा डब्यांऐवजी वाटांत जाते. बंदरात जमीन महाग आणि डबे प्रचंड, तिथे दुसरं यंत्र वापरतात: रबराच्या टायरांवर चालणारी गॅन्ट्री, म्हणजे चार पायांवर उभी असलेली भलीमोठी चौकट. ती डब्यांच्या सहा-सात रांगा आणि शेजारी ट्रेलरची एक वाट असं सगळं पायांखाली घेते, आणि वरून दोरांनी स्प्रेडर खाली सोडते. मधे वाटा लागत नाहीत, म्हणून डबे दाटीने बसतात. तीच चौकट रुळांवर चालवली की रेल्वेच्या रेकसाठी उत्तम. पण तिच्यासाठी जागा आधीच पक्की आखावी लागते आणि सुरुवातीचा खर्च मोठा. दिवसाला थोडेच डबे येणाऱ्या, अजून वाढत असलेल्या यार्डाला स्टॅकर बरा. तो रेकपाशी जातो, थप्पीपाशी जातो, गोदामाच्या दारातही जातो. विदर्भातली केंद्रं अजून बराच काळ स्टॅकरवरच चालतील असं माझं मत आहे.

रिकाम्या डब्यांसाठी वेगळं, हलकं यंत्र असतं. ते फोर्कलिफ्टसारखं दिसतं, उभा मास्ट (खांब) असतो, डबा एका बाजूच्या वरच्या कोपऱ्यांना धरून उचलतं आणि आठ-आठ डब्यांपर्यंत चढवतं. क्षमता आठ-दहा टन. भरलेल्या डब्याला ते कधीही लावायचं नाही.

रिकाम्या डब्यांच्या थप्पीला एक मोठा शत्रू आहे, आणि तो आपल्याकडे दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी येतोच. वावधान. चाळीस फुटी हाय क्यूब डब्याची बाजू साधारण ३५ चौरस मीटरची असते. ताशी १०० किलोमीटरचा वारा तिच्यावर आडवा आदळला तर पावणेदोन टनांच्या आसपास जोर लागतो. डब्याचं वजन चार टन, तेव्हा एकटा डबा जागचा उलथत नाही. पण पाच डब्यांची एकटी थप्पी असेल तर वाऱ्याचा जोर पाचपट होतो, शिवाय तो लागतो त्या मध्याची उंचीही पाचपट होते. म्हणजे उलथवणारी ताकद पंचवीसपट. आणि धरून ठेवणारी? वजन पाचपट, पण पायाची रुंदी तीच आठ फूट, म्हणून ती फक्त पाचपट. थप्पी जाते. यासाठी रिकामे डबे एकेकट्या थप्प्यांत ठेवायचे नाहीत, रांगा एकमेकींना खेटून एक गठ्ठा करायचा, कडेच्या रांगा उतरत्या ठेवायच्या, आणि डब्यांची लांबी नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेत ठेवायची, म्हणजे त्याला डब्याचं तोंड लागतं, बाजू नाही. आभाळ काळं होऊन वारं सुटलं की बूम खाली आणि काम बंद. रेक खोळंबला म्हणून अशा वेळी ऑपरेटरवर दबाव आणणाऱ्या सुपरवायझरने वरचा हिशेब एकदा कागदावर करून बघावा.

उन्हाळा मशीनलाही सोसत नाही. पंचेचाळीस अंशांत हायड्रॉलिकचं तेल पातळ होतं, सील गळू लागतात, कूलरच्या जाळीत कापसाचा तूस आणि धूळ अडकली तर तापमान झपाट्याने चढतं. जाळी रोज सकाळी हवेने साफ करणं हे आपल्या भागात खरं देखभालीचं काम आहे.

रेल्वेपाशी एक धोका वेगळा. विजेवरच्या मार्गावर रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो. बूम त्या तारेला लागायची गरज नाही, फार जवळ गेला तरी पुरे. म्हणून डबे चढवायच्या सायडिंगवर (बाजूच्या रुळांवर) वर तार ठेवत नाहीत, तिथे डिझेल इंजिन रेक ढकलत आणतं. कंटेनरच्या रेकमध्ये साधारण ४५ वाघिणी असतात आणि त्यांवर वीस फुटी ९० डबे बसतात. जिथे तार संपते तिथे खांबावर खूण असते. नव्या ऑपरेटरने पहिल्याच दिवशी ती पायी चालत जाऊन बघून घ्यावी.

ट्रेलर ड्रायव्हर भावांसाठी दोन गोष्टी. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांतही ट्विस्टलॉक असतात, डबा रस्त्यात सरकू नये म्हणून. डबा उचलायच्या आधी ते चारही उघडले आहेत ना, हे खाली उतरून हाताने बघायचं. एक जरी लागलेलं राहिलं तर स्टॅकर डब्याबरोबर ट्रेलरचं ते अंग उचलतो, आणि सत्तर टनांच्या मशीनवरच्या ऑपरेटरला ते लगेच जाणवेल याची खात्री नाही. म्हणूनच उचलठेव चालू असताना केबिनमध्ये बसून राहायचं नाही. उतरायचं, आखून दिलेल्या जागी, ऑपरेटरला दिसेल असं उभं राहायचं. मागच्या बाजूला तर मुळीच नाही. स्टॅकरची मागची चाकं वळतात, त्यामुळे त्याचं मागचं अंग वळताना बाहेर झोकतं आणि तिकडचं ऑपरेटरला सगळ्यात कमी दिसतं.

राहिला डबा भरणारा. जिनिंगवाले, सोयाबीनच्या ढेपेचे व्यापारी, भंडारा-गोंदियाचे तांदूळवाले. स्टॅकरचा सगळा हिशेब डब्याच्या वजनावर आणि ते मध्यावर असण्यावर उभा आहे. एका टोकाला जड माल आणि दुसऱ्या टोकाला हलका असा डबा उचलताच कलतो, स्प्रेडरच्या दोन खुंट्यांवर जास्त भार येतो. निर्यातीचा भरलेला डबा तपासलेल्या वजनाच्या कागदाशिवाय जहाजावर चढवायचा नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २०१६ पासून लागू आहे. वजन दोन तऱ्हांनी काढता येतं. भरलेला डबा काट्यावर घेऊन गाडीचं वजन वजा करायचं, नाहीतर आतल्या प्रत्येक मालाचं, बांधणीचं, लाकडाचं वजन मोजून त्यात डब्याच्या दारावर लिहिलेलं रिकामं वजन मिळवायचं. काट्यावर जाताना गाडीची टाकी भरलेली होती की रिकामी, ड्रायव्हर आत होता की खाली, हे दोन्ही वेळा सारखं ठेवा. दोनशे-तीनशे किलोचा फरक तिथेच पडतो. आणि डब्याच्या दारावर 'मॅक्स ग्रॉस' (मालासकट जास्तीत जास्त वजन) पुढे जो आकडा छापलेला असतो, अनेक डब्यांवर ३०,४८० किलो, त्याच्या वर कागदावरचं वजन गेलं तर चार गाठी काढून दुसऱ्या डब्यात टाका.